ब्लेडची झीज कुणाच्या खात्यावर?

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दिल्ली दरसूचीत पेव्हर ब्लॉक बसवण्याचे काम एकाच लांबलचक वाक्यात मांडलेले आहे. कारखान्यात ओतलेले काँक्रीटचे ब्लॉक आणायचे, ५० मिलिमीटर जाडीच्या वाळूच्या थरावर ठरलेल्या नक्षीत मांडायचे, प्लेट व्हायब्रेटर फिरवून बसवायचे, सांध्यांत वाळू भरायची, लागेल त्या मापात ब्लॉक कापायचे, वरची वाळू झाडून घ्यायची; आणि या सगळ्याचा दर एकच, प्रति चौरस मीटर. आपल्या महापालिका आणि नगरपालिकांच्या निविदाही याच वळणाने जातात. फुटपाथ किती चौरस मीटर झाला हे मोजले, त्याला दराने गुणले, की बिल तयार. कापणी त्या दरात कुठेतरी मिसळलेली असते. ती किती झाली, कोणत्या यंत्राने झाली, त्यात किती ब्लेड संपली, हे कोणी मोजत नाही आणि मोजमाप पुस्तिकेत त्यासाठी रकानाही नसतो. माझे म्हणणे असे की हा रकाना असायला हवा. कारण ब्लेड झिजते तेव्हा कोणाचे तरी पैसे खर्च होतात, आणि ते पैसे अंदाजपत्रकात धरले नाहीत म्हणून वाचत नाहीत. ते वेगळ्या रूपात वसूल होतात: कापणाऱ्याच्या फुप्फुसातून, त्याच्या हातापायांच्या सुरक्षिततेतून आणि फुटपाथच्या तुटक्या कडांतून.

चौरस मीटरचे माप कापणीच्या बाबतीत किती फसवे आहे ते साध्या भूमितीवरून कळते. २ मीटर रुंद आणि १०० मीटर लांब फुटपाथ घ्या. क्षेत्रफळ २०० चौरस मीटर, भोवतालची कड २०४ मीटर. आता तेवढ्याच क्षेत्रफळाचे चौकोनी अंगण घ्या. त्याची बाजू १४ मीटरच्या थोडी वर, आणि कड जेमतेम ५७ मीटर. ब्लॉक कापावा लागतो तो मुख्यतः कडेला. म्हणजे बिल दोन्हीकडे सारखे, पण कापणीची शक्यता एकीकडे साडेतीन पट. त्यात शहरातला फुटपाथ म्हणजे निव्वळ दोन सरळ रेषा नव्हेत. मध्ये गटाराचे, टेलिफोनचे, विजेचे चेंबर येतात, झाडांची आळी येतात, सिग्नलचे खांब येतात, चौकात कर्ब वळतो, इमारतींच्या फाटकांपाशी उतार येतो. ६०० मिलिमीटर बाजूच्या एका चेंबरभोवती २.४ मीटर कड असते. असे दहा चेंबर आले की आणखी २४ मीटर. नक्षी पंचेचाळीस अंशांत तिरपी घातली तर कडेचा जवळजवळ प्रत्येक ब्लॉक तिरका कापावा लागतो. हे सगळे नकाशावर आधी दिसते. तरीही दर ठरताना ते कुठे येत नाही, आणि ज्याच्या वाट्याला अडचणीचा फुटपाथ येतो त्या टोळीने ते सोसायचे असते.

ज्या ब्लेडचा हा खर्च आहे ते काय असते, हे थोडे तपशिलात पाहिले पाहिजे, कारण सगळा गैरसमज तिथूनच सुरू होतो. हिऱ्याचे ब्लेड म्हटले की माणसाला वाटते, जगातली सर्वांत कठीण वस्तू, तिला काय होणार! मात्र ब्लेडचा मुख्य भाग साध्या पोलादाची पातळ तबकडी असतो. तिच्या कडेला जे सेगमेंट बसवलेले असतात त्यांतही हिरा थोडाच. कोबाल्ट, लोखंड, तांबे, कथील अशा धातूंच्या भुकटीत कृत्रिम हिऱ्याचे कण मिसळून, दाबून, तापवून हे सेगमेंट घडवतात. कण साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर असतात. एका घन सेंटिमीटरमध्ये ४.४ कॅरट हिरा असेल तर या धंद्यात त्याला १०० कॉन्सन्ट्रेशन म्हणतात, आणि तेवढ्यातही हिऱ्याने जागा व्यापलेली असते ती एक चतुर्थांशच. बांधकामाच्या ब्लेडमध्ये प्रमाण यापेक्षा बरेच कमी असते. हा हिरा खाणीतला नव्हे. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत डिसेंबर १९५४ मध्ये पुन्हा पुन्हा करता येईल अशा पद्धतीने हिरा तयार झाला, १९५५ च्या फेब्रुवारीत त्याची घोषणा झाली, आणि त्यानंतर औद्योगिक हिरा हळूहळू कच्च्या मालाच्या पातळीवर आला. आज जगातला बहुतेक औद्योगिक हिरा चीनमध्ये, त्यातही हेनान प्रांतात बनतो. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात दोर्‍याला लटकलेल्या ब्लेडमागे ही साखळी आहे.

हे ब्लेड कापते कसे? सुरीसारखे मुळीच नाही. धातूच्या पृष्ठभागाबाहेर डोकावणारे हिऱ्याचे टोक काँक्रीटला ओरखडत जाते आणि त्याचा चुरा करते. तो चुरा उलट धातूला घासतो. धातू हळूहळू झिजतो, हिऱ्याला धरून ठेवणारी पकड सैल होते, वापरून बोथट झालेला कण गळून पडतो आणि त्याखालचा नवा कण उघडा होतो. तोही काही काळ काम करतो, फुटतो, बोथटतो आणि जातो. सेगमेंट संपेपर्यंत हा क्रम चालू राहतो. झीज थांबली तर नवा हिरा वर येणार नाही, आणि नवा हिरा वर आला नाही तर कापणी थांबेल. म्हणून ब्लेडची झीज हा दोष मानणे चुकीचे आहे. ब्लेडची रचनाच अशी आहे की त्याने ठरलेल्या गतीने संपत जावे. जे ब्लेड वर्षभर टिकले म्हणून कौतुकाने दाखवले जाते, त्याने बहुधा वर्षभर कापण्यापेक्षा घासण्याचेच काम अधिक केलेले असते.

झिजण्याची गती योग्य असावी यासाठी धातूची पकड आणि कापायचा माल यांचा मेळ बसावा लागतो, आणि तो उलटा असतो. माल कठीण आणि घट्ट असेल तर पकड मऊ हवी, म्हणजे बोथट हिरे लवकर सुटतील. माल खरखरीत, धातूला ओरबाडणारा असेल तर पकड कठीण हवी, नाही तर चांगले हिरे काम करण्याआधीच गळून जातील. ग्रॅनाइटसाठी बनवलेले मऊ पकडीचे ब्लेड कोवळ्या, वाळूदार काँक्रीटवर चालवले तर ते डोळ्यांदेखत संपते. डांबर आणि कोवळ्या काँक्रीटचे कठीण पकडीचे ब्लेड घट्ट दगडावर चालवले तर ते चकाकते आणि नुसते घासत राहते. महाराष्ट्रात याला एक खास पदर आहे. राज्याचा मोठा भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा, आहे आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या ब्लॉकमध्ये खडी तर बेसॉल्टची असतेच, अलीकडे वाळूच्या जागी येणारी क्रश सँडही त्याच दगडाची असते. हा दगड घट्ट आहे, पण त्यात क्वार्ट्‌झ अगदी थोडे. पूर्व विदर्भात कन्हान, वैनगंगेची वाळू क्वार्ट्‌झने भरलेली. म्हणजे पुण्यातला ब्लॉक आणि भंडाऱ्यातला ब्लॉक कागदावर एकाच ग्रेडचे असले तरी ब्लेडला ते सारखे लागणार नाहीत. पहिल्यावर चकाकण्याचा धोका अधिक, दुसऱ्यावर भराभर संपण्याचा. शिवाय भारतीय मानक आयएस १५६५८ नुसार हलक्या रहदारीपासून अति जड रहदारीपर्यंत ब्लॉकची ताकद आणि जाडी चढत जाते, त्याचाही परिणाम कापणीवर होतो. तरीही दुकानात मागणी होते ती बहुधा 'चार इंची ब्लेड द्या' एवढीच, आणि तेच ब्लेड सकाळी कडप्प्यावर आणि दुपारी पेव्हर ब्लॉकवर चालते.

चकाकलेले ब्लेड ओळखणे अवघड नसते. सेगमेंटवर बोट फिरवले तर हिऱ्याचे खरखरीत टोक लागत नाही, काप पुढे सरकत नाही, ठिणग्या वाढतात, आवाज चिरका होतो. असे ब्लेड लगेच फेकायचे नसते. वाळूचुन्याच्या विटेत किंवा एखाद्या मऊ, खरखरीत दगडात काही काप घेतले की वरचा गुळगुळीत धातू निघून जातो आणि हिरे पुन्हा उघडे पडतात. जात्याचा दगड गुळगुळीत झाला की दळण भरडले जात नाही, म्हणून त्याला टाकी लावून घेत. तेच हे काम. ज्या समाजाने जात्याला टाकी लावण्याचे शहाणपण पिढ्यान्‌पिढ्या जपले त्याला ब्लेडची धार उघडण्याची कल्पना परकी वाटायचे कारण नाही. पण ते सांगायला कोणी तरी हवे, आणि त्यासाठी पंधरा मिनिटे थांबण्याची मुभा हवी. चौरस मीटरवर मजुरी घेणाऱ्या टोळीला ती पंधरा मिनिटे तोट्याची वाटतात. मग माणूस यंत्रावर जोर देतो. जोर दिला की उष्णता वाढते, पोलादी तबकडी तापून निळसर पडते, तिचा ताण जातो, ती डोलू लागते आणि डोलणारी तबकडी कापात अडकते.

आपल्याकडे या कामाला सर्रास वापरले जाणारे यंत्र म्हणजे ११० मिलिमीटर ब्लेडचे मार्बल कटर. नावाप्रमाणे ते फरशीसाठी बनलेले आहे. त्याची कापण्याची खोली नव्या ब्लेडला तीस-पस्तीस मिलिमीटर. पेव्हर ब्लॉक ६० किंवा ८० मिलिमीटर जाडीचा. म्हणजे हा ब्लॉक एका बाजूने आरपार कापला जाणे अशक्य. ६० चा असेल तर दोन्ही बाजूंनी कापून कसेबसे जमते. ८० चा असेल तर खाच पाडायची आणि छिन्नी-हातोड्याने तोडायचा. ब्लेड झिजत जाते तसा त्याचा व्यास घटतो. सेगमेंट सात मिलिमीटर उतरला की खोलीही तेवढीच घटते आणि पस्तीसच्या जागी अठ्ठावीस उरते. वरून सरळ रेघ आणि खाली वेडावाकडा तुटलेला भाग, असा तुकडा चेंबरच्या कडेला बसतो. त्याला शेजारच्या ब्लॉकचा पूर्ण टेकू मिळत नाही, सांध्यातली वाळू खाली निसटते, पहिल्या पावसात तुकडा हलतो. फुटपाथवर सर्वांत आधी उखडते ती जागा बहुतेक वेळा चेंबरची आणि कर्बची कड असते. पायाभरणी नीट नसणे, पाणी मुरणे, पुन्हा पुन्हा खोदणे ही कारणे आहेतच. सगळा दोष ब्लेडवर ढकलणे बरोबर नाही. पण कापाची गुणवत्ता त्या कारणांच्या रांगेत येते आणि तिची चौकशी कोणी करत नाही.

लहान यंत्रावर मोठे ब्लेड चढवणे हा या अडचणीवरचा प्रचलित आणि जीवघेणा तोडगा आहे. हाताने चालवायच्या यंत्रांच्या ब्लेडवर सहसा सेकंदाला ८० मीटर ही कडेच्या वेगाची मर्यादा छापलेली असते. ३५० मिलिमीटरच्या ब्लेडसाठी ती मिनिटाला सुमारे ४,३६० फेऱ्यांवर गाठली जाते, म्हणून मोठ्या कटरचा वेग त्याच बेताने ठेवलेला असतो. ११० चे ब्लेड १३,००० फेऱ्यांवर फिरले तर कडेचा वेग ७५ मीटर येतो, तेही मर्यादेत. पण ११,००० फेऱ्यांच्या छोट्या ग्राइंडरचे संरक्षक कवच काढून त्यावर १८० चे ब्लेड लावले की हाच वेग १०४ मीटरच्या जवळ जातो. त्या वेगाने सुटलेला सेगमेंट म्हणजे ताशी पावणेचारशे किलोमीटरचा धातूचा तुकडा. तो चालवणाऱ्याला लागेल की रस्त्याने जाणाऱ्याला, हे निव्वळ दिशेवर अवलंबून राहते.

तर मग ब्लेड बदलायचे केव्हा? याचे निकष धूसर नाहीत. सेगमेंट दोन मिलिमीटरच्या आसपास उरला की ब्लेड संपले. एकही सेगमेंट गळला, तबकडीत बारीकशी चीर दिसली, मधले छिद्र मोठे झाले, तबकडी डोलू लागली किंवा तापून निळी पडली, तर उरलेला हिरा कितीही असो, ते ब्लेड त्याच क्षणी बाद. दोन खुणा मात्र सहज नजरेतून सुटतात. एक, सेगमेंटच्या खालची पोलादी कड. ब्लॉकची धारदार भुकटी सेगमेंट आणि तबकडी जोडलेल्या जागी पोलादाला खाऊन टाकते. वरून सेगमेंट चांगला जाड दिसतो आणि खालून त्याची मान बारीक झालेली असते. दुसरी, सेगमेंटची बाजूची जाडी. सेगमेंट तबकडीपेक्षा थोडा रुंद ठेवलेला असतो, म्हणजे कापात तबकडी घासत नाही. ही रुंदी गेली की तबकडी दोन्ही भिंतींत आवळली जाते आणि यंत्र माणसाच्या अंगावर उसळते. सेगमेंट तबकडीला कसा जोडला आहे हेही पाहावे लागते. लेझर वेल्डिंगचा जोड उष्णता सोसतो. चांदीच्या डाखाचा जोड पाण्यासाठी असतो आणि कोरड्या कापणीत तापून सुटू शकतो. हे सगळे पाहायला दिवसाची दोन मिनिटे पुरतात. मात्र जो हे पाहील त्याला 'हे बाद, नवे काढा' असे म्हणता आले पाहिजे, आणि नव्या ब्लेडचे पैसे त्याच्याच मजुरीतून जात असतील तर तो तसे म्हणणार नाही.

इथे पैशाचा हिशेब सरळ मांडून बघू. समजा, एक ब्लेड ४०० रुपयांचे आहे आणि ते ४० मीटर कापते. दुसरे १,२०० चे आहे आणि २०० मीटर कापते. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत, पण तर्क त्यावर अवलंबून नाही. पहिल्याचा खर्च मीटरला १० रुपये, दुसऱ्याचा ६. ठेकेदाराचा एकूण हिशेब असेल तर दुसरे ब्लेड स्वस्त. ज्याच्या खिशात आज संध्याकाळी पाचशेच रुपये उरले आहेत त्याच्यासाठी पहिलेच स्वस्त, कारण दुसरे त्याला घेताच येत नाही. मुख्य ठेकेदार ब्लॉक आणि वाळू देतो, मजुरीची टोळी आपली हत्यारे घेऊन येते आणि चौरस मीटरवर मजुरी घेते, ही व्यवस्था सर्वत्र परिचित आहे. अशा व्यवस्थेत ब्लेड हे हत्यार मानले जाते. यंत्र हे हत्यार खरे. पण ब्लेड कामातच खर्च होते, वाळूसारखे. वाळू टोळीने आपल्या पैशाने आणावी असे कोणी म्हणत नाही. ज्या वस्तूचे कामच खर्ची पडणे आहे तिला हत्यार ठरवून मजुराच्या माथी मारणे हा अन्याय आहे, आणि तो फार काळ कोणाच्या लक्षात न येता चालू आहे.

या अन्यायाचा सर्वांत जड भाग धुळीत आहे. ३ मिलिमीटर रुंदीचे ब्लेड ८० मिलिमीटरच्या ब्लॉकमधून एक मीटर चालले तर २४० घन सेंटिमीटर काँक्रीटची भुकटी होते. काँक्रीटची घनता लक्षात घेता ती अर्ध्या किलोपेक्षा जास्त भरते. प्रत्येक मीटरला अर्धा किलो. तिचा बराचसा भाग जाड असतो आणि पायाशी पडतो, पण त्यातला जो अंश डोळ्यांना दिसत नाही इतका सूक्ष्म असतो तो श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळापर्यंत जातो. त्यात स्फटिकरूप सिलिका, म्हणजे मुख्यतः क्वार्ट्‌झ, असेल तर तिथे व्रण होतात, फुप्फुस कठीण होत जाते, हा सिलिकोसिस. तो बरा होत नाही, क्षयाचा धोका वाढवतो आणि काम सोडल्यावरही पुढे सरकत राहतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये या धुळीची गणना माणसात निश्चित कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली. अमेरिकेने २०१६ च्या नियमाने आठ तासांच्या कामासाठी श्वसनयोग्य सिलिकेची मर्यादा घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम ठरवली. मर्यादा मायक्रोग्रॅममध्ये आणि भुकटी अर्ध्या अर्ध्या किलोने, एवढ्यावरूनच कोरड्या कापणीचे स्वरूप कळावे. झिजून गेलेले ब्लेड हा धोका वाढवते याचे कारण सोपे आहे: तोच काप घ्यायला जास्त वेळ लागतो, आणि तेवढा वेळ माणूस त्या ढगात वाकून उभा असतो.

उपायही साधा आहे: पाणी. ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हने नेमक्या याच कामासाठी, म्हणजे पेव्हिंग ब्लॉक, कर्ब आणि फरशा कापण्यासाठी, मार्गदर्शक पत्रक काढले आहे. कापांची संख्या आधी कमी करा, शक्य तिथे दाबून तोडणारे ब्लॉक स्प्लिटर वापरा, कापायचेच असेल तर ब्लेडवर मिनिटाला किमान अर्धा लिटर पाणी सोडा आणि योग्य मास्क लावा, असे त्याचे सार आहे. अर्धा लिटर म्हणजे पाण्याचा मोठा खर्च नव्हे. मोजणीत पाण्याने श्वसनयोग्य धूळ ९० टक्क्यांहून अधिक घटल्याचे आढळले आहे. आणि पाणी ब्लेडलाही वाचवते. ते थंड राहते, चुरा वाहून जातो, जोड सुटत नाही. मजुराचे फुप्फुस आणि मालकाचे ब्लेड दोन्ही एकाच उपायाने वाचावीत असा योग कामगार-सुरक्षेत क्वचित येतो.

यावर आक्षेप येतील आणि ते ऐकण्यासारखे आहेत. पहिला आपल्या दगडाचाच. ब्रिटनच्याच तक्त्यात वालुकाश्मात ७० ते ९० टक्के स्फटिकरूप सिलिका, काँक्रीटमध्ये २५ ते ७० आणि बेसॉल्टमध्ये ५ टक्क्यांपर्यंत असे आकडे आहेत. मग बेसॉल्टची खडी आणि बेसॉल्टचीच क्रश सँड असलेल्या ब्लॉकला इंग्लंडचे भय का दाखवावे? हा मुद्दा खरा आहे आणि तो दडपू नये. पुणे-नाशिककडच्या ब्लॉकमध्ये सिलिका इंग्लंडमधल्या काँक्रीटपेक्षा कमी निघण्याची शक्यता भरपूर आहे. पण पूर्व विदर्भाच्या वाळूला ही सवलत लागू नाही. नदीची वाळू मिसळलेली असेल, रंगीत थरात वेगळी वाळू असेल, तर तिथेही नाही. आणि ज्याच्या हातात कटर आहे तो त्याच दिवशी शहाबादी, कोटा, ग्रॅनाइट, राजस्थानचा वालुकाश्म कापत असतो. शिवाय सिमेंटची धूळ स्वतः निरुपद्रवी नाही. ब्लॉकच्या कारखान्याकडून क्वार्ट्‌झचे प्रमाण तपासून मागवणे हा या आक्षेपावरचा योग्य मार्ग आहे; तोवर धूळ घातक धरूनच चालावे लागेल.

दुसरा आक्षेप मिस्त्रींचा, आणि तो सर्वांत वजनदार: २३० व्होल्टच्या यंत्रावर पाणी सोडायचे म्हणजे विजेच्या धक्क्याने मरायचे. हातातल्या साध्या कटरवर बाटलीने पाणी ओतणे खरोखर धोक्याचे आहे आणि तसे कोणीही करू नये. ओल्या कापणीचा अर्थ वेगळा आहे. पाण्याची जोडणी असलेले पेट्रोलचे किंवा बॅटरीचे कटर, किंवा पाण्याची टाकी असलेले टेबल कटर, आणि वीज वापरायचीच तर ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळतीरोधक स्विच. टेबल कटर रस्त्याकडेला एका जागी मांडायचे, फुटपाथवर खुणा करायच्या आणि ब्लॉक तिथे आणून कापायचे. खालचा राडा वाळण्याआधी उचलायचा, नाही तर उद्या तीच धूळ पुन्हा उडेल आणि गटारही तुंबेल. याला साधने लागतात, साधनांना पैसे लागतात. म्हणून तर कापणीची बाब वेगळी हवी. आजच्या दरात टोळीकडून हे मागणे म्हणजे तिच्याकडे नसलेल्या पैशांची मागणी करणे आहे.

तिसरा आक्षेप असा की अभियंत्याने फुटपाथ नीट झाला की नाही एवढे बघावे. ब्लेड कोणते आणि कापले कसे ही ठेकेदाराची बाब. निकालावर बोट ठेवणारी ही भूमिका काही कामांत योग्य असते. इथे ती पुरत नाही, कारण निकालाचा अर्धा भाग फुटपाथवर दिसतच नाही. तो दहा-पंधरा वर्षांनी जळगावच्या, नांदेडच्या, पलामूच्या एखाद्या घरात धाप लागण्याच्या रूपाने दिसतो. मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलिराजपूरचे आदिवासी गुजरातच्या क्वार्ट्‌झ भरडणाऱ्या कारखान्यांत कामाला गेले आणि सिलिकोसिस घेऊन परतले, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलेली आहे. धूळ एका राज्यात आणि मरण दुसऱ्या राज्यात, असे झाले की दोन्हीकडचे हिशेब कोरे राहतात. १९४८ च्या कारखाने कायद्याने सिलिकोसिस कळवणे बंधनकारक केले, पण ते कारखान्यापुरते होते. फुटपाथवर कारखान्याचा निरीक्षक येत नाही. तिथे अधिकार असलेला, रोज हजर राहणारा आणि बिल रोखू शकणारा माणूस एकच: महापालिकेचा कनिष्ठ अभियंता. त्याच्या हातात मोजायला काही दिले तरच तो मोजेल.

आणि वेगळे मोजण्याला आधार नाही असेही नाही. त्याच दिल्ली दरसूचीत स्वयंपाकघराच्या ओट्यात सिंकसाठी भोक पाडण्याचा वेगळा दर आहे, प्रति नग. संगमरवरी काउंटरची कड गोल करून चकाकवण्याचा दरही वेगळा आहे, प्रति मीटर. म्हणजे कापणीला श्रम, वेळ आणि ब्लेड लागते हे सरकारी दरसूचीला माहीत आहे. फक्त ती जाणीव घराच्या आत पोचली आणि रस्त्यावर आली नाही. ओट्याचे भोक नगावर आणि फुटपाथवरचे शंभर काप फुकट, याचे समर्थन कशाने करणार?

एक भीती मात्र खरी आहे. कापणी रनिंग मीटरवर मोजली तर ठेकेदार गरज नसताना काप दाखवेल. यावर तोडगा अंदाजपत्रकातच आहे. कापणीची लांबी नकाशावरून आधी काढायची आणि तीच कमाल मर्यादा ठेवायची. नक्षी फुटपाथच्या रुंदीशी जुळेल अशी निवडायची; बऱ्याच आकारांचे अर्धे ब्लॉक आणि कडेचे तुकडे साच्यातच ओतून मिळतात, ते वापरायचे. चेंबरची चौकट ब्लॉकच्या मापाच्या पटीत बसवायची. ब्लॉकच्या एक तृतीयांशाहून लहान तुकडा कुठेही घालायचा नाही. तशी वेळ आली तर शेजारचा ब्लॉकही कापून दोन मध्यम तुकडे करायचे किंवा त्या फटीत काँक्रीट भरायचे. कापणीची किंमत दिसू लागली की नकाशा काढणाऱ्यालाच ती कमी करावीशी वाटेल. आज त्याला तिरप्या नक्षीची रेघ कागदावर ओढायला काहीच पडत नाही.

राहिला वाढत्या खर्चाचा प्रश्न. फुटपाथचा दर थोडा वाढेल, हे मान्य केले पाहिजे. पण ब्लेड, पाणी आणि वेळ यांचा खर्च आजही होतोच आहे. काही मजुरीतून, काही आजारातून, काही दोन वर्षांत उखडलेल्या कडेच्या दुरुस्तीतून, जी पुन्हा आपल्याच करातून होते. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यांपासून कामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतला जातो आणि तो कामगार कल्याणासाठी असतो. आजारी पडल्यावर त्यातून मदत देणे आवश्यकच आहे, पण तोच आजार रोखणारी वस्तू मूळ कामाच्या किमतीत धरणे हे त्याच्या आधीचे कर्तव्य आहे.

महापालिकांचे आणि सार्वजनिक बांधकाम विभागाचे अभियंते दिवाळीनंतर पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकांना बसतात. त्यांना विनंती अशी: पेव्हर ब्लॉकच्या बाबीखाली आणखी एक बाब लिहा. 'पेव्हर ब्लॉकची पाण्यासह यांत्रिक कापणी, ब्लॉकच्या जाडीइतकी खोली गाठणाऱ्या यंत्राने, हिऱ्याच्या ब्लेडच्या खर्चासह, राडा उचलण्यासह, प्रति रनिंग मीटर.' आणि ज्यांच्या दारासमोर फुटपाथ होतो आहे त्या नागरिकांनी कामाच्या फलकाचा फोटो काढून ठेवावा, प्रभाग कार्यालयात अंदाजपत्रकाची प्रत मागावी आणि ही बाब तिच्यात आहे का ते पाहावे. नसेल तर लेखी विचारावे.